दूरवैद्यक आणि पवनाकाठची गावे

रोगी एका ठिकाणी आणि वैद्य दुसऱ्या ठिकाणी असताना विद्युत्-संदेशांच्या साहाय्याने जी तपासणी, जो सल्ला व जे उपचार होतात, त्यांस दूरवैद्यक ही संज्ञा आहे. ही कल्पना समजली जाते तितकी नवी नाही. १९०५ साली हॉलंडमधील लायडन येथे आइन्थोव्हेन या शास्त्रज्ञाने रुग्णालयातील रोग्याचा हृदयालेख दूरध्वनीच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटर दूर असलेल्या आपल्या प्रयोगशाळेत उतरवून घेतला होता. त्याचे यंत्र इतके अवजड होते की, ते रोग्याच्या खाटेपाशी नेणे शक्यच नव्हते. जे हलविता येत नाही ते जागीच ठेवून केवळ संदेश हलवावा, हे दूरवैद्यकाचे मूलतत्त्व त्या प्रयोगात पूर्णपणे आलेले दिसते.

विकसनशील देशांत न हलणारी वस्तू यंत्र नसून तज्ज्ञ ही होय. भोर समितीने १९४६ साली प्राथमिक आरोग्य केंद्रांची योजना मांडली. पुढे सपाट प्रदेशात तीस हजार व डोंगराळ भागात वीस हजार लोकवस्तीमागे एक केंद्र असे प्रमाण ठरले. इमारती उभ्या राहिल्या. तज्ज्ञ मात्र शहरांतच राहिले. मावळ तालुक्यातील पवनानगर या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. पवना धरणाच्या पायथ्याशी असलेल्या या गावातून कामशेतला उतरले म्हणजे पुणे-मुंबई लोहमार्ग व महामार्ग मिळतो. परंतु तुंग-तिकोन्याच्या बाजूस, जलाशयाच्या कडेने वसलेल्या वाड्यांना पाण्याला वळसा घालून यावे लागते आणि पावसाळ्यात तर हे अंतर मैलांनी मोजण्यात अर्थ उरत नाही. धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला जाते आणि अत्यवस्थ रोग्यालाही बहुधा त्याच दिशेने न्यावे लागते.

भारतात २००० साली आंध्र प्रदेशातील अरगोंडा हे खेडे चेन्नईच्या अपोलो रुग्णालयाशी जोडण्यात आले. व्यापक प्रमाणावरील प्रयत्न मात्र ई-संजीवनी या शासकीय सेवेचा. ती २०१९ साली सुरू झाली व २०२३ च्या आरंभी तिच्यावरील सल्ल्यांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. (तिची घडण सी-डॅकच्या मोहाली केंद्राने केली, त्या संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे.) उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रोग्यास समोर बसवून दूरच्या डॉक्टरशी संपर्क साधतो, ही तिची मुख्य पद्धती. रोग्याच्या हाती नुसता भ्रमणध्वनी देण्यापेक्षा ही पद्धती श्रेष्ठ मानावी लागते. कारण रक्तदाब मोजणारा, पोट चाचपून पाहणारा प्रशिक्षित हात तेथे उपस्थित असतो.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे सर्पदंशाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. भातखाचरांच्या या प्रदेशात हे उदाहरण काल्पनिक नव्हे. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होते. ती पारखण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सुमारे दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलविता ठेवावे व मग नळी कलती करावी. रक्त पातळच राहिले असेल, तर विष भिनले असे समजावे. नळी साबणाने धुतलेली असेल, तर मात्र निष्कर्ष चुकतो. मण्याराचा दंश याहून फसवा : वेदना अल्प, सूज जवळजवळ नाही, परंतु काही तासांत पापण्या जड होतात व पुढे श्वासाचे स्नायू निकामी होतात. कलती केलेली नळी आणि मिटू लागलेली पापणी ही दोन्ही दृश्ये चित्रफलकावरून पुण्यातील तज्ज्ञास उत्तम दिसू शकतात. प्रतिविष केव्हा द्यावे, त्याची प्रतिक्रिया आल्यास ॲड्रिनलीन कसे द्यावे, कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या रुग्णालयात कोणत्या क्षणी हलवावे, हे तो सांगू शकतो. एकट्या पडलेल्या तरुण डॉक्टरला अशा वेळी लाभणारा धीर हाही उपचाराचाच भाग होय. पण प्रतिविषाच्या कुप्या केंद्रातील कपाटातच असाव्या लागतात, आणि रुग्णवाहिका तारेवरून पाठविता येत नाही.

कायद्याची बाजूही दीर्घकाळ संदिग्ध होती. रत्नागिरीतील एका प्रकरणात डॉक्टर गैरहजर असताना दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनांनुसार उपचार झाले व रुग्ण स्त्री दगावली. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणी अटकपूर्व जामीन नाकारला. तो दोषसिद्धीचा निर्णय नव्हता. तरीही वैद्यकवर्गात भीती पसरली. मार्च २०२० मध्ये, महामारीच्या काळात, केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार सल्ला देणारा नोंदणीकृत वैद्यच असला पाहिजे, प्रत्यक्ष तपासणी आवश्यक आहे की नाही हे त्यानेच ठरवावयाचे, आणि अंमली व तत्सम औषधे या मार्गे लिहून देता येत नाहीत.

दूरवैद्यकाच्या यशाचे मोजमाप बहुधा सल्ल्यांच्या संख्येने केले जाते. ते अपुरे आहे. मधुमेह, रक्तदाब, त्वचारोग, मनोविकार यांत दूरचा सल्ला खरोखर फलदायी ठरतो, कारण तेथे रोग्याची वारंवार होणारी फेरी व बुडणारी मजुरी वाचते. परंतु सल्ला मिळालेल्या रोग्यास लिहिलेले औषध त्याच केंद्रात मिळाले की नाही, आणि ज्यास पुढे पाठविले तो रुग्णालयात पोचला की नाही, हे त्या संख्येवरून कळत नाही. पवनाकाठच्या वाडीतील रोग्याच्या दृष्टीने प्रश्न नेमका हाच आहे. या दोन नोंदी उपकेंद्राच्या वहीत सल्ल्याच्या नोंदीशेजारीच ठेवणे अवघड नाही.