जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये डावा पाय ठेवायचा कुठे? फूटरेस्ट बसवण्याआधी हे वाचा

नामपल्ली (हैदराबाद) : नामपल्ली स्टेशनसमोरून निघून मोअज्जम जाही मार्केटला वळसा घालून आबिड्सला जायचं, तर अंतर जेमतेम दोनेक किलोमीटर. पण संध्याकाळच्या गर्दीत, त्यातही 1 जानेवारीपासून नुमाइश सुरू असताना, या दोन किलोमीटरमध्ये क्लच किती वेळा दाबावा लागतो याची मोजदाद नाही. नव्या गाडीत हे निभावून जातं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार असेल तर मात्र डाव्या पायाचा प्रश्न उभा राहतो. पाय क्लचवर नसेल तेव्हा तो ठेवायचा कुठे?

आजकालच्या बऱ्याच गाड्यांत क्लचच्या डावीकडे एक तिरकी पट्टी असते. तिला फूटरेस्ट म्हणतात, गाडीवाल्यांच्या भाषेत डेड पेडल. दाबलं तरी काही होत नाही म्हणून ‘डेड’. जुन्या एमजी किंवा ट्रायम्फ गाड्यांत बहुतेक वेळा ही सोयच नसते. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे क्लच सर्वांत डावीकडे आणि त्याला लागूनच गिअरबॉक्सचा उंचवटा. त्यामुळे पाय एकतर गुडघ्यात दुमडून मागे ओढायचा, नाहीतर क्लचवरच टेकवून ठेवायचा. बहुतेक जण दुसरं करतात, आणि खर्चाची सुरुवात तिथूनच होते.

एमजीबीचंच उदाहरण घ्या. आज एमजी म्हटलं की लोकांना हेक्टर आठवते. पण इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात तयार झालेली एमजीबी ही जगात खूप खपलेल्या स्पोर्ट्स कारपैकी एक. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. या गाडीचं क्लच बेअरिंग आजच्यासारखं गोळ्यांचं नाही. त्यात कार्बनची, म्हणजे ग्राफाइटची, रिंग असते. क्लच दाबला की ही रिंग फिरत्या प्रेशर प्लेटवर जाऊन घासते. गिअर टाकण्यापुरतं घासलं तर वर्षानुवर्षं टिकते. पण पाय सतत पेडलवर टेकलेला असेल, तर हलक्या दाबानेही रिंग घासतच राहते आणि पेन्सिलीच्या शिशासारखी झिजत जाते. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही, कारण गाडी नेहमीसारखीच चालत असते.

बेअरिंग मोठं महाग असतं असं नाही. खर्च आहे तो तिथपर्यंत पोहोचण्याचा. एमजीबीत क्लचचं काम करायचं तर इंजिन बाहेर काढावं लागतं. नुसता गिअरबॉक्स खाली उतरवून भागत नाही. ट्रायम्फ स्पिटफायरचं त्या मानाने सोपं. तिच्यात गिअरबॉक्स आतून, केबिनमधून, वरचं कव्हर काढून बाहेर घेता येतो. मद्रासला बनलेली आपली स्टँडर्ड हेराल्ड याच कुळातली, म्हणून जुन्या हेराल्ड मिस्त्रींना हे काम नवीन नाही. एमजीबीला मात्र इंजिन उचलायची चेन-कप्पी, दोन-तीन माणसं, परदेशातून मागवलेला माल आणि त्यावरची कस्टम ड्युटी, सगळं आलं. काही शे रुपयांच्या पट्टीने हे पुढे ढकलता येत असेल तर हिशेब उघड आहे.

दुसरा फायदा वळणावर कळतो. जुन्या स्पोर्ट्स कारच्या सीटला बाजूचा आधार कमी असतो. जोरात वळण घेतलं की अंग बाहेरच्या बाजूला सरकतं आणि माणूस नकळत स्टिअरिंगलाच धरून बसतो. डाव्या पायाला टेकू मिळाला की कंबर सीटमध्ये घट्ट राहते आणि हात फक्त स्टिअरिंग फिरवायला मोकळे राहतात. उमरगा किंवा उदगीरकडच्या माणसाला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. सोलापूरकडून राष्ट्रीय महामार्ग 65 ने जहीराबाद, संगारेड्डी करत नामपल्लीपर्यंत येणाऱ्याला तर कंबरेचा आणि गुडघ्याचा हा आराम पहिल्याच खेपेत जाणवेल.

आता बसवायचं कसं. आधी माप. बुटासह पावलाची रुंदी साधारण 10 ते 11 सेंटीमीटर धरा. क्लच पेडलची डावी कड आणि उंचवट्याची भिंत यांत एवढी जागा आहे का ते बघा, आणि क्लच पूर्ण दाबूनही एकदा मोजा. जागा कमी असेल तर रुंद पट्टीचा हट्ट नको. उंचवट्याला टेकलेली अरुंद पट्टीही पायाला पुरते. पुठ्ठा कापून नमुना करायचा, गाडीत ठेवून नेहमीच्या बुटाने बसून बघायचं. चपलेवर माप घेऊन उपयोग नाही. टाच जमिनीवर टेकलेली असताना चवडा पट्टीवर सहज यायला हवा. पट्टीची पातळी क्लच पेडलइतकी किंवा किंचित आत, बोनेटच्या बाजूला हवी. ती पेडलच्या वर आली तर प्रत्येक वेळी पाय उचलून न्यावा लागतो, आणि घाईत बुटाची कड पेडलखाली अडकू शकते. अडकलेला बूट म्हणजे गिअरमध्ये असलेली गाडी आणि न दबणारा क्लच. नामपल्लीच्या सिग्नलवर पुढे रिक्षा उभी असताना याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको.

सुरुवातीच्या एमजीबीत आणखी एक भानगड आहे. हेडलाइटचा डिपर खाली पायाशी असतो, आपल्या जुन्या ॲम्बेसेडरसारखा. फूटरेस्टने तो झाकला गेला तर रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर हेडलाइट. पट्टीला तिथे खाच ठेवा, नाहीतर ती डिपरच्या वरच्या अंगाला बसवा.

पट्टीसाठी 3 मिलिमीटरची ॲल्युमिनियम चेकर प्लेट पुरते. भंगारातही तुकडा मिळतो. खाली दोन एल ब्रॅकेट, वर रबर. कडा कानशीने गोल करायच्या. मिस्त्री लगेच ड्रिल हातात घेतो. त्याला आधी थांबवा. एमजीबीच्या बॅटऱ्या सीटच्या मागे असतात, त्यामुळे बॅटरीची जाड केबल गाडीखालून पुढे स्टार्टरपर्यंत येते. पेट्रोलची नळीही खालूनच जाते. गाडी वर घेऊन खालून बघितल्याशिवाय भोक पाडणं म्हणजे आगीला आमंत्रण. शक्यतो आधीच असलेल्या बोल्टांना ब्रॅकेट जोडायचं.

भोकं टाळायचं कारण कागदोपत्रीही आहे. केंद्राने जुलै 2021 मध्ये काढलेल्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, फेरनोंदणीची 5,000. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेला नसावा. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, तिचा फ्लोअर हा बॉडी शेलचाच भाग. दोन भोकांनी नोंदणी अडेलच असं नाही, पण बोल्ट सोडला की निघून येणारी पट्टी असेल तर तो वादच येत नाही. आणि व्हिंटेज नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते.

बसवून झालं की इंजिन बंद ठेवून वीस-पंचवीस वेळा क्लच दाबा, पाय पट्टीवर न्या, परत आणा, न बघता. मग मोकळ्या मैदानात एक चक्कर. आठवड्याने नट पुन्हा आवळायचे, कारण जुन्या गाडीचं कंपन सुरुवातीला ते ढिले करतंच. पावसाळ्यानंतर पट्टी सोडून खालचं कार्पेट उचलून बघा. तिथे पाणी साचलं तर फ्लोअरला गंज चढतो.