करिंथच्या पंगतीतले उपाशी

इसवी सन 50 नंतरची काही वर्षे. करिंथ या ग्रीक शहरात ख्रिस्ताला मानणारी मंडळी एकेकाच्या घरी जमत. चर्चच्या इमारती अजून उभ्या राहायच्या होत्या. भाकर मोडली जाई, द्राक्षारसाचा प्याला फिरे आणि सोबत पोटभर जेवणही असे. पण खातेपिते लोक आपले आधीच खाऊन घेत, कुणी पिऊन तर्र होई, आणि ज्यांच्यापाशी काहीच नाही ते उपाशी राहत. कामावरून उशिरा सुटणारे गुलाम नि मजूर त्यांत असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात.

प्रेषित पौलाने इफिसहून पत्र पाठवून त्यांना खडसावले: याला प्रभुभोजन म्हणताच येत नाही! पकडले जाण्याच्या रात्री शेवटच्या भोजनात येशूने काय केले, हे तो त्याच पत्रात सांगतो. त्या शेवटच्या भोजनाचे उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने लेखी वर्णन, चारही शुभवर्तमानांच्या आधीचे. ते उपाशी माणसांवरून झालेल्या वादात लिहिले गेले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रभूचे शरीर न ओळखता जो खातो तो दोषी, असे पौल बजावतो. शरीर म्हणजे भाकर की जमलेली माणसे, यावर आजही चर्चा होते. पण भाकर एक म्हणून आपण सारे एक शरीर, हे त्यानेच थोडे आधी लिहिले आहे. त्याच्या मनात दोन्ही अर्थ असणार.

शरीर म्हणजे जमलेली माणसेही, म्हणून काही या भाकरीची थोरवी कमी होत नव्हती. अंत्योखचा बिशप इग्नेशियस दुसऱ्या शतकाच्या आरंभी तिला अमरत्वाचे औषध म्हणतो. 155च्या सुमारास रोममध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिन लिहितो की हे साधे अन्न नव्हे, येशूचे मांस आणि रक्त आहे.

जस्टिनच्या वर्णनात पोटभर जेवण दिसत नाही. रविवारी वाचन, प्रवचन, प्रार्थना, मग भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, घरी नेऊन देत. ऐपत असलेले स्वखुशीने देणगी देत. ती सभेच्या प्रमुखाकडे जमा होई आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात पडलेले नि परगावाहून आलेले या सर्वांची सोय पाही.