कागदावर ‘अबॉर्शन’ का लिहितात? गर्भ न टिकल्यावर कुणी न सांगितलेल्या गोष्टी

सोनोग्राफी करताना डॉक्टर थांबतात आणि म्हणतात, ‘ठोके दिसत नाहीत.’ दोन दिवसांत पिशवी साफ केली जाते. घरी जाताना हातात कागद पडतो, त्यावर लिहिलेले असते ‘मिस्ड अबॉर्शन’. घरातले कुणीतरी तो वाचते आणि विचारते, ‘पाडलं का?’

या एका शब्दाने अनेक जणी गप्प होतात. वैद्यकीय भाषेत गर्भ आपोआप पडला तरी ‘अबॉर्शन’ आणि मुद्दाम काढला तरी ‘अबॉर्शन’च. फरक आधीच्या शब्दात असतो. ‘स्पॉन्टेनियस’ म्हणजे आपोआप झालेला. ‘मिस्ड’ म्हणजे वाढ थांबली, पण गर्भ शरीराबाहेर पडलेला नाही. ‘इनकम्प्लीट’ म्हणजे काही भाग अजून पिशवीत आहे. यातल्या कशाचाच अर्थ ‘पाडले’ असा होत नाही. मराठीतही आपण दोन्हींना ‘गर्भपात’च म्हणतो, त्यामुळे गोंधळ वाढतो.

मग दोष शोधला जातो. पपई खाल्ली, स्कूटरवर बसली, जिना चढली, ऑफिस सोडले नाही. प्रत्यक्षात निदान झालेल्या दर १०० गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टिकत नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच थांबतात. सुरुवातीच्या अशा निम्म्या घटनांमागे गर्भातील गुणसूत्रांची गडबड असते. ती गर्भ तयार होतानाच झालेली असते; जिन्याचा तिच्याशी संबंध नाही. ‘तीन महिने कुणाला सांगू नका’ या रिवाजामुळे शेजारणीचेही असेच झाले होते, हे मात्र आपल्याला कळत नाही.

घरी आल्यावर काय?

रक्तस्राव साधारण एक-दोन आठवडे राहू शकतो. सलग दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, ताप, घाण वासाचा स्राव किंवा चक्कर असेल तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हे त्याच वेळी विचारा. ते शक्यतो ७२ तासांच्या आत देतात. पाळी बहुधा चार ते सहा आठवड्यांनी येते, पण तिच्या आधीही दिवस जाऊ शकतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ गेला असेल तर छातीत दूधही येऊ शकते. हे आधी कुणी सांगितले नसेल, तर तो क्षण फार कठीण जातो.

रजा मिळते का?

मिळते, आणि बहुतेकींना ते माहीत नसते. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा होती. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. २६व्या आठवड्यापर्यंत गर्भ गेला तर ती लागू होते. त्यामुळे आजारपण लांबले तर आणखी एक महिना मिळू शकतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेली कार्यालये, दुकाने यात येतात. ईएसआयचा विमा असेल तर तिथूनही सहा आठवड्यांचा लाभ आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ४५ दिवस. अर्जासोबत पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे तोच ‘अबॉर्शन’ लिहिलेला कागद. रागाच्या भरात फाडू नका. नोकरी असो वा नसो, जपून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरही मागतील. सलग दोनदा असे झाले असेल तर तपासण्यांविषयी विचारा.

‘दुसरं होईल’ हे वाक्य पाहुण्यांनी टाळलेले बरे. नवऱ्याला तर कुणी काही विचारतही नाही. तो औषधे आणतो, बिल भरतो आणि सोमवारी कामावर जातो. आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, सतत स्वतःलाच दोष देणे थांबत नसेल, तर सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ क्रमांकावर चोवीस तास सुरू असते. तिथे मराठीत बोलता येते. फोन दोघांपैकी कुणीही करू शकते.

आणि मोबाइलमधले गरोदरपणाचे अ‍ॅप. ‘आज तुमचे बाळ लिंबाएवढे झाले’ असे संदेश ते पाठवत राहते. अनेक अ‍ॅपमध्ये गर्भ गेल्याची नोंद करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असतो. तिच्याकडून ते होत नसेल, तर घरातल्या कुणीतरी तिला विचारून करून द्यावे.