गाडी नेमकी कधी किंचाळते?

आवाज कुठून येतो यापेक्षा कधी येतो, ते आधी टिपा. थंड इंजिन सुरू करताच, एसी लावताच किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवताना चीं-चीं झाली, तर संशय फॅन बेल्टवर. चालू इंजिनच्या बेल्टवर, खाचांच्या बाजूने, हात लांब ठेवून थोडे पाणी उडवा. आवाज वाढला तर बेल्ट बहुधा सैल. क्षणभर थांबून परतला तर पुली एका रेषेत नाहीत.

ब्रेक दाबताना आवाज आला, तर आधी पाऊस आठवा: पावसात उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. तो चार-दोन ब्रेकमध्ये जातो, घाबरू नका. रोजची किंचाळी मात्र बहुधा झिजलेल्या पॅडची. अनेक पॅडना पत्र्याची जीभ असते; पॅड २-३ मिलिमीटर उरले की ती इशारा म्हणून डिस्कला घासते. किंचाळीची खरखर झाली, तर लोखंडावर लोखंड घासते आहे. अशी गाडी पुढे चालवू नका. मेकॅनिकला जागेवर बोलवा.