घरगुती क्लीनर: कुठे आंबट, कुठे सोडा

दिवाळीला महिना-दीड महिना राहिला की आपल्या मंडळींच्या फोनवर दोन गोष्टी फिरू लागतात: फराळाची प्रमाणे आणि घरच्या घरी क्लीनर बनवण्याच्या कृती. फराळाची प्रमाणे बहुधा बरोबर असतात, कारण कोणीतरी ती करून पाहिलेली असतात. क्लीनरच्या कृतींचे तसे नाही. त्यातल्या काही उत्तम आहेत, काही निरुपयोगी आहेत, काहींनी फरशी कायमची खराब होते आणि एक-दोन तर माणसाला दवाखान्यात पोचवतील अशा आहेत. 'नैसर्गिक' आणि 'घरगुती' हे शब्द दिसले की आपण पुढचे काही विचारत नाही, हा खरा घोळ आहे.

कृती पाठ करण्यापेक्षा एक साधी गोष्ट समजून घेतली तर निम्मे प्रश्न सुटतात. स्वच्छतेसाठी आपण स्वयंपाकघरातून जे उचलतो ते बहुतेक दोन गटांत बसते. पहिला गट आंबटांचा, म्हणजे आम्लांचा: लिंबू, चिंच, आमसूल, व्हिनेगर आणि लिंबाचे फूल (आपल्याकडचे किराणावाले याला निंबू-सत म्हणतात, हेच सायट्रिक ॲसिड). दुसरा गट अल्कलींचा: खाण्याचा सोडा, त्याहून पुष्कळ जोरकस असा धुण्याचा सोडा आणि पूर्वी चुलीतून निघायची ती राख. घरातली घाणही अशीच दोन प्रकारची असते. नळावरचे पांढरे डाग, गंज, तांब्या-पितळेचा काळपटपणा हे आंबटाने जातात. तेल, तूप, ओशटपणा, चिकटा हे सोड्याने सुटतात. आजी राखेने भांडी घासायची त्यात हेच होते. राखेतली अल्कली तेलकटपणा ओढून घेई आणि तिचा बारीक खरखरीतपणा घासायचे काम करी.

आता सर्वांत लाडकी कृती घेऊ: व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा घाला. टाकल्याबरोबर फसफसून फेस येतो आणि पाहणाऱ्याला वाटते की केवढे जोरदार काम चालले आहे. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवत असतात. फेस म्हणजे फक्त कार्बन डायऑक्साइड वायू. तो उडून गेला की मागे उरते एक प्रकारचे खारे पाणी. बँकेच्या भाषेत जमा आणि नावे सारखेच, शिल्लक शून्य. मोरीच्या तोंडाशी अडकलेला कचरा त्या फेसाने थोडा हलेल एवढेच. हे दोन्ही पदार्थ चांगले आहेत, पण वेगवेगळे वापरले तर. ही दोन्ही एकत्र करून बाटलीत भरून ठेवायची कृती कोणी पाठवली तर ती खुशाल पुसून टाका.

पांढऱ्या डागांकडे येऊ, कारण इंदूरमध्ये हा घरोघरचा विषय आहे. नर्मदेचे पाणी त्या मानाने बरे, पण ज्या कॉलन्यांत बोरिंगचे पाणी वापरतात तिथे नळ, शॉवर, बादल्या, काचेची दारे सगळ्यांवर पांढरा थर बसतो. हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. साबणाने तो हलत नाही, घासून हात मात्र दुखतात. अर्धा लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे लिंबाचे फूल विरघळवा, जुने फडके त्यात भिजवून नळाला गुंडाळा, १५-२० मिनिटांनी काढा आणि नळ धुऊन कोरडा करा. रात्रभर मात्र ठेवू नका. नळाची चमक ज्या मुलाम्याने असते तो मुलामा निघू शकतो. विजेच्या किटलीत थर साठला असेल तर भर किटली पाण्यात १ मोठा चमचा घालून एक उकळी आणा, बटण बंद करून २० मिनिटे तसेच ठेवा, मग साध्या पाण्याने दोनदा खळबळून घ्या. सियागंजात लिंबाचे फूल सुटे मिळते आणि या कामाला ताज्या लिंबांपेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडते. लिंबे सरबताला ठेवावीत.

पण इथेच मोठी मेख आहे. नळावरचा थर ज्या पदार्थाचा, संगमरवरही त्याच पदार्थाचा. कोटा फरशी म्हणजे चुनखडीचा दगड, तीही मूलतः तीच. आपल्या जुन्या घरांतल्या मोझेक फरशीत संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असते. म्हणजे जे आम्ल नळावरचा थर विरघळवते ते फरशीही तितक्याच आनंदाने विरघळवते. 'फरशी पुसायच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घाला, चमक येईल' ही कृती म्हणूनच धोक्याची आहे. पहिल्या दिवशी काही कळत नाही, दोन-चार महिन्यांत पॉलिश जाते, फरशी निस्तेज होते आणि मग मशीन लावून पुन्हा पॉलिश करण्याशिवाय इलाज उरत नाही. संगमरवरी देवघरात लिंबाने देव उजळू नयेत, तेही याच कारणाने. दगड कोणता हे ठाऊक नसेल तर कोपऱ्यात, कपाटाखाली, लिंबाचा एक थेंब टाकून बघा. बारीक बुडबुडे आले तर त्या दगडाजवळ आंबट काहीही नेऊ नका. ग्रॅनाइटवर बुडबुडे येत नाहीत. कोटा, संगमरवर आणि मोझेक यांना साधे पाणी आणि त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब पुरेसे होतात. सुगंधासाठी लोक काय काय घालतात. वास चांगला येतो, मळ तेवढाच निघतो.

स्वयंपाकघरातल्या चिकट्याला मात्र धुण्याचा सोडाच हवा. १ लिटर कढत पाण्यात २ मोठे चमचे सोडा घाला, एक्झॉस्टची पाती, गॅसची जाळी, तेलाच्या बरण्यांची झाकणे अर्धा तास त्यात बुडवून ठेवा, मग ब्रश मारा. चिकटा मेणासारखा सुटून येतो. हातमोजे घालाच, कारण सोडा कातडीवरचा ओशटपणाही तसाच काढतो आणि हात फुटतात. ॲल्युमिनियमची कढई, कुकर, पाती यांना हे पाणी लावू नका. ती काळी पडतात. कुकर आतून काळा पडला असेल तर उलट, त्यात पाणी आणि लिंबाच्या पिळलेल्या साली उकळा, उजळतो. खाण्याचा सोडा याच घराण्यातला, पण सौम्य. फ्रिज आतून पुसायला, डब्यांचा वास घालवायला, कपातले चहाचे डाग घासायला तो छान.

रिठा या दोन्ही गटांच्या बाहेरचा. त्यात सॅपोनिन असते आणि ते साबणासारखे काम करते, शिवाय कठीण पाण्यातही फेसते. आपला नेहमीचा साबण बोरिंगच्या पाण्यात फेसाऐवजी पांढरा साका करतो, तो त्रास रिठ्याला नाही. १५-२० रिठे फोडून बिया काढा, टरफले १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी १५-२० मिनिटे उकळा, गार झाल्यावर कुस्करून गाळा. हे पाणी फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते, बाहेर दोन-तीन दिवसांत आंबते. माहेश्वरी साडी, पैठणी, लोकरी शाल यांना याच्यासारखे दुसरे काही नाही. रेशीम आणि लोकर प्राण्यांपासून आलेले धागे आहेत, सोड्याने ते कमजोर होतात; रिठ्याने होत नाहीत. सोन्याचे दागिने धुवायलाही हेच पाणी चांगले. मात्र रिठ्याच्या पाण्याने पुऱ्यांची कढई निघेल असे जे सांगतात त्यांनी ती कढई स्वतः घासलेली नसावी. आणि डोळ्यांत गेले तर फार झोंबते, नातवंडांना लांब ठेवा.

सध्या बायो-एंझाइमची हवा आहे. प्रमाण ठरलेले आहे: गूळ १, लिंबू-संत्री-मोसंबीच्या साली ३, पाणी १०. म्हणजे ६० ग्रॅम गूळ, १८० ग्रॅम साली आणि ६०० मिली पाणी, तेही १ लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत, वर थोडी जागा सोडून. काचेची बाटली नको. आत वायू तयार होतो. पहिला महिनाभर रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडला नाही तर बाटली फुटते. तीन महिन्यांनी गाळून घ्यायचे. वर पांढरी साय दिसली तर ती यीस्टची, तिची काळजी नाही. काळी-हिरवी बुरशी आली तर सगळे फेकून द्यावे.

हे द्रावण कामाचे आहे, पण त्याचे नाव कामापेक्षा मोठे आहे. साफसफाई होते ती मुख्यतः आंबण्यातून तयार झालेल्या आम्लांनी, म्हणजे हे एक सौम्य, सुगंधी व्हिनेगरच. बाथरूमच्या टाइल्स, बेसिन, कमोड रोजच्या रोज धुवायला उत्तम. वर्षानुवर्षांचा थर याने निघणार नाही आणि कोटा-संगमरवराची अट यालाही लागू आहे. साली वाया जातात म्हणून जीव तुटत असेल तर इंदूरकरांनी तेवढे मनाला लावून घेऊ नये. २०२२ पासून आपला ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जातो आणि त्याचा गॅस होतो.

आता ज्या कारणासाठी हा लेख मुख्यतः लिहायला घेतला ते. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरमध्ये कोणतेही आम्ल मिसळले की क्लोरीन वायू निघतो. बाजारातल्या बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असते, ते तर वाईटच; पण व्हिनेगर, लिंबाचे फूल आणि बायो-एंझाइम हीसुद्धा आम्लेच. 'घरचे आहे, काय होणार' म्हणून कमोडमध्ये आधी ब्लीच आणि वरून बायो-एंझाइम ओतले तर फ्लॅटच्या खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये जीव घुसमटतो. डोळे चुरचुरले, खोकला आला की पुसत-धूत बसू नका. बाहेर या, दारे-खिडक्या उघडा, श्वासाचा त्रास थांबला नाही तर डॉक्टरकडे जा. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरमध्येही ब्लीच मिसळू नये, त्यातूनही विषारी वायू निघतो.

ब्लीच घरात ठेवूच नये असे मात्र मी म्हणणार नाही. लिंबू, व्हिनेगर, रिठा मळ काढतात, जंतू मारण्याचा भरवसा देत नाहीत. घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले तर जागा आधी साबणाने धुवा, मग ५ टक्क्यांचे ब्लीच २० मिली घेऊन त्यात १ लिटर होईपर्यंत पाणी घाला, त्या पाण्याने पुसून १० मिनिटे ओले राहू द्या. हे द्रावण रोज ताजे करावे.

आणि बाटल्या. घरगुती द्रावणे कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवायची सवय फार वाईट. पिवळसर बायो-एंझाइम हुबेहूब सरबतासारखे दिसते. नाव आणि तारीख लिहा, तेही हिंदीत, कारण ती बाटली हातात घेणारी बाई बहुधा मराठी वाचणारी नसते. दोन आंबट-खारट बाटल्या एकत्र ओतायच्या नाहीत हे तिलाही समजावून सांगा. वायूचा पहिला त्रास तिलाच व्हायचा. हातमोज्यांचा एक जोड तिच्यासाठीही आणा.

राहिली देवाची भांडी. तांब्या-पितळेला चिंचेचा कोळ आणि मीठ, किंवा लिंबाची फोड आणि मीठ. आम्ल काळपट थर सोडवते, मीठ त्याला मदत करते. चोळून लगेच धुवा आणि कोरडे पुसा. पितळ आंबटात भिजत ठेवले तर वरचे जस्त निघून जाते आणि भांडे गुलाबी दिसू लागते. चांदीला चिंच लावू नका. पातेल्यात तळाशी ॲल्युमिनियम फॉइल अंथरा, त्यावर चांदीची भांडी फॉइलला टेकतील अशी ठेवा, कढत पाणी आणि दर लिटरला २ मोठे चमचे खाण्याचा सोडा घाला. चांदीवरचा काळा थर गंधकाचा असतो, तो चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातो. थोडा सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो त्याचाच. पाच मिनिटांत निरांजन आणि ताम्हण लख्ख होतात, आणि घासले नसल्याने चांदी झिजतही नाही. मोती किंवा खडे बसवलेले, आत लाख भरलेले, किंवा नक्षीत मुद्दाम काळेपणा ठेवलेले दागिने मात्र या पाण्यात टाकू नयेत, ते सराफाकडेच द्यावेत.