घरासाठी फोन घेताना



भारतात मोबाईलवरचे पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली या शहरांमध्ये झाले. त्या वेळी फोनचा उपयोग फक्त बोलण्यापुरता होता. आज त्याच खिशातल्या वस्तूवर पैसे देता येतात, सातबारा पाहता येतो, विजेची सूचना मिळते. म्हणून फोन घेणे हे आता बैल घेण्यासारखेच झाले आहे. नुसती शिंगे पाहून चालत नाही, कामाला कसा आहे ते पाहावे लागते.

आमच्या घरी गेल्या दिवाळीआधी फोन बदलायचे ठरले. त्याचे कारण आधी सांगते.

खरिपात बाबा सोयाबीनची पीक पाहणी करायला रानात गेले. पूर्वी ही नोंद तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः रानात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, जागा कोणती ते फोन ओळखतो, आणि ती नोंद सातबाऱ्यावर चढते. हमीभाव केंद्रावर माल घालायचा असो की नुकसान भरपाई मागायची असो, ही नोंद विचारतात. बाबांनी ॲप घ्यायला बोट लावले, तर फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही! फोन सुप्रभातच्या फुलांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी गच्च भरला होता. मुदतीचे दोनच दिवस उरले होते. पुसत बसलो तर फोन अडकून पडला. शेवटी दिवस मावळायच्या आत चुलत्यांच्या फोनवर नोंद झाली. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "ह्या डबड्यानं आज आपलं रान कागदावर कोरंच ठेवलं असतं."

मग ताईने आणि मी ठरवले की, फोन घ्यायच्या आधी तुलना करायची. विज्ञानाच्या तासाला बाईंनी सांगितले आहे की, तुलना करताना काम, वेळ आणि जागा सारखी पाहिजे. आम्ही तीन फोन घेतले : आबांचा बटनांचा फोन, चुलत्यांचा जुना स्मार्टफोन आणि मामांचा नवा महागडा स्मार्टफोन.

आम्हाला काय दिसले?

भर दुपारी उन्हात तिन्ही फोन धरले. चुलत्यांच्या फोनवर काहीच दिसेना, ओढणीची सावली करावी लागली. मामांच्या फोनवर चांगले दिसले. आबांच्या फोनला तर पाहायची गरजच नाही, ते बटने चाचपून फोन लावतात.

नकाशा उघडायला चुलत्यांच्या फोनने मी चाळीस मोजेपर्यंत वेळ लावला. मामांच्या फोनने पाच मोजायच्या आत उघडला. पण रात्री सगळे फोन चार्जिंगवरून काढून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही स्मार्टफोन मान टाकायला आले. आबांचा फोन मात्र चार दिवस चालला. आमच्याकडे लाईट गेली की कधी येईल याचा नेम नसतो, तेव्हा ही गोष्ट लहान नव्हे.

सर्वांत मोठा शोध ओढ्याकाठच्या रानात लागला. एकच सिमकार्ड आळीपाळीने तिन्ही फोनांत घातले. रेंज कुठेच धड मिळेना! म्हणजे महाग फोन घेतला म्हणून टॉवर काही जवळ येत नाही. भारतात ५जी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली. पण आपल्या गावात ती पोचली नसेल, तर ५जी म्हणून जास्त मोजलेले पैसे सध्या तरी पडूनच राहतात.

खोक्यावरचे आकडे

दुकानात खोक्यावर बरेच आकडे असतात. त्यातले तीन समजले तरी पुरे.

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा लहान असला की एक भांडे उचलल्याशिवाय दुसरे ठेवता येत नाही. तसा कमी रॅमचा फोन अडखळतो.

साठवण म्हणजे धान्याची कणगी. फोटो, व्हिडिओ आणि ॲप हिच्यात राहतात. कणगी भरली की नवे दाणे बाहेर. बाबांचे नेमके हेच झाले होते.

एमएएच हा आकडा बॅटरीचा. पाच हजार असेल तर साधारण दिवसभराची निश्चिंती. मात्र पडदा सतत चालू ठेवला, तर पाच हजारही लवकर संपतात.

याशिवाय दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा : "ह्या फोनला अपडेट अजून किती वर्षं येणार?" अपडेट बंद झालेल्या फोनवर पुढे पुढे काही ॲप चालत नाहीत, आणि चोरांपासूनची राखणही कच्ची होते. स्वस्तात मिळतो म्हणून फार जुना फोन घेतला, तर तो महागात पडतो तो असा.

ॲप कोणते ठेवावे?

ॲपची तुलनाही कामावरूनच करावी.

पैसे देण्यासाठी भीम, फोनपे, गुगल पे अशी अनेक ॲप आहेत. ही दुकाने वेगळी, पण रस्ता एकच आहे. त्या रस्त्याचे नाव यूपीआय, तो २०१६ साली सुरू झाला. म्हणून एका ॲपमधून दुसऱ्या ॲपवाल्याला पैसे जातात. तिन्ही ठेवायची गरज नाही, आपल्याला वाचायला सोपे असेल ते एक ठेवावे. बटनांच्या फोनवरूनही पैसे देता यावेत म्हणून मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे ही सोय निघाली आहे. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे देताना. "पैसे पाठवतो, पिन टाका" असे कोणी म्हणाले तर फोन ठेवावा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवावे.

रानात काम करणाऱ्यांसाठी दामिनी हे ॲप चांगले आहे. ते पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केले आहे. आपल्या आसपास वीज पडण्याचा संभव असेल तर ते सूचना देते. पण त्याला इंटरनेट लागते. ओढ्याकाठी रेंज नाही, म्हणून आम्ही निघायच्या आधी घरीच पाहून निघतो. ढग गडगडू लागले की सूचनेची वाट पाहत बसायचे नाही, झाडाखालीही थांबायचे नाही, पक्क्या घरात जायचे.

अभ्यासासाठी बालभारतीची पुस्तके फोनवर फुकट उतरवून घेता येतात. एकदा उतरवली की रेंज नसतानाही वाचता येतात.

टॉर्चचे वेगळे ॲप मात्र घेऊ नये. टॉर्च फोनमध्ये असतोच. आमच्या जुन्या फोनवरचे टॉर्चचे ॲप सगळ्या पाहुण्यांचे नंबर पाहायची परवानगी मागत होते! उजेड पाडायला पाहुण्यांचे नंबर कशाला लागतात? कामाबाहेरचे मागणारे ॲप काढून टाकावे हे बरे.

शेवटी काय ठरले?

मामांसारखाच फोन घ्यावा असा माझा हट्ट होता. त्याचा कॅमेरा फार छान आहे. पण आमच्या कामांची यादी केली तेव्हा मधल्या किमतीचा फोन पुरेल असे दिसले. वाचलेल्या पैशांतून रब्बीच्या बियाण्याला हातभार लागला. बाबांनी आबांनाही नवा फोन घेऊ का म्हणून विचारले. आबा म्हणाले, "लेकरांनो, माझा बटनाचाच राहू द्या. लाईट गेल्यावर तुम्ही माझ्याकडंच येताय." आणि खरेच, मागच्या महिन्यात रात्री ताईला ताप आला तेव्हा नवा फोन बंद पडला होता. डॉक्टरांना फोन आबांच्याच फोनवरून लावला.

आता व्हॉट्सॲपमधले फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरणे आम्ही बंद केले आहे. दर रविवारी ताई नको ते पुसते. त्यामुळे तुरीची नोंद करायची वेळ येईल तेव्हा कणगीत जागा असेल.

मित्रांनो, अंथरूण पाहून पाय पसरावे असे मोठी माणसे सांगतात. फोन घेताना घरच्यांनी मिळून हे पाच प्रश्न विचारावेत :

१. आपली रोजची कामे कोणती?
२. उन्हात पडदा दिसतो का?
३. साठवण आणि बॅटरी पुरेल का?
४. अपडेट किती वर्षे मिळतील?
५. घरातल्या सर्वांत वडील माणसाला तो वापरता येईल का?

आपापल्या घरच्या फोनची अशी तपासणी करून पाहा, आणि काय आढळले ते चिठ्ठीवर लिहून या भित्तिपत्रकाखालच्या पेटीत टाका. पुढच्या अंकात आपण सगळ्यांचा मिळून तक्ता करू.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी