चिचुंद्री उंदीर नाही, समुद्री काकडी भाजी नाही. पण दोघींचं नातं आहे!

पावसाळ्यात लोणावळ्यात आणि मावळातल्या गावांत ओट्याखालून ‘चिक् चिक्’ करत काहीतरी भिंतीच्या कडेनं पळतं. कुणीतरी ‘उंदीर!’ असं ओरडतं आणि झाडू उगारला जातो. बऱ्याचदा ती असते चिचुंद्री.

आणि चिचुंद्री उंदीर नाही. तिचं नाक लांब, टोकदार आणि डोळे बारीक. उंदराचे आयुष्यभर वाढणारे, कुरतडणारे दात तिला नसतात. तिचं मुख्य खाणं म्हणजे झुरळं, किडे, गांडुळं. जनुकांच्या हिशेबात चिचुंद्रीला उंदरापेक्षा वटवाघूळ, मांजर, अगदी गायसुद्धा जवळची. उंदीर मात्र माणसाच्या जवळचा!

हेच नातं आणखी मागे नेलं, तर गाठ पडते समुद्री काकडीशी. ही भाजी नाही, तारामाशाच्या गोतावळ्यातला प्राणी आहे. हिला मेंदू नाही. समुद्रतळाची वाळू गिळायची, त्यातलं सेंद्रिय अन्न पचवायचं आणि स्वच्छ वाळू मागे टाकायची, हा तिचा दिनक्रम. श्वासही ती गुदद्वारातूनच घेते.

मग नातं कसलं? गर्भ वाढताना त्यात जे पहिलं छिद्र पडतं, त्याजागी झुरळाच्या शाखेत साधारणपणे तोंड तयार होतं. समुद्री काकडी आणि चिचुंद्री (आणि आपण) ज्या शाखेत येतो, तिथे गुदद्वार. म्हणजे चिचुंद्रीला तिनं खाल्लेल्या झुरळापेक्षा समुद्री काकडी जवळची. दोघींचा सामाईक पूर्वज 50 कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा.

संकट आलं की चिचुंद्री कुशीतल्या ग्रंथींमधून उग्र वास सोडते. अनेक जातींच्या समुद्री काकड्या थेट आतडी बाहेर फेकतात आणि नंतर नवी वाढवतात.

भारतात 2001 साली समुद्री काकड्यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीत स्थान मिळालं. तरी तस्करी सुरूच आहे. चिचुंद्रीच्या वाट्याला मात्र उंदराचं औषध आणि चिकट पॅड.

वास सहन होत नसेल, उघड्या अन्नात तोंड घातलेलं चालत नसेल, तर मोरीची जाळी आणि दाराखालची फट बंद करा. ती आत येणार नाही.

आणि कधी एकामागोमाग एक, पुढच्याची शेपटीजवळची कातडी दातात धरून चाललेली छोटी ‘आगगाडी’ दिसली, तर झाडू खाली ठेवा. इंजिन म्हणजे आई आहे, डबे म्हणजे तिची पिल्लं.